भांडणाचा चहा

शांघाय बंदरात आ-चूनच्या गळ्याशी आलं होतं. ही चहाच्या दुकानात गरम पाण्याची किटली घेऊन फिरणारी बाई. मालक वेन शेटजी जिन्याखाली दडलेले, आणि समोर बंदरातले दोन दादा आपापली माणसं घेऊन बसलेले!

तिथली रीतच तशी होती बरं का. टोळ्यांची भांडणं चहाच्या दुकानात मिटायची. एकापुढे तांबडा चहा, दुसऱ्यापुढे हिरवा. मिटलं, तर दोन्ही एका वाडग्यात ओतून दोघांनी प्यायचा. नाही मिटलं, तर दुकान फोडायचं! हे दुकान मागं असंच फुटलं होतं. आता फुटलं, तर शेटजी गावाकडे जाणार आणि आ-चून रस्त्यावर येणार.

एक शेन दादा. संध्याकाळी टोळीचा म्होरक्या आणि सकाळी गोऱ्या साहेबाच्या ठाण्यात फौजदार. माल त्याचीच माणसं पळवायची आणि शोधायलाही तोच जायचा. त्यामुळे त्याचा तपास कधी चुकला नाही! दुसरा गोदीतला कियाव दादा. त्याला वर्दी नव्हती, एवढाच काय तो फरक.

आणि भांडण कशाचं? तर या दुकानाची राखण कोण करतो आणि हप्ता कोण घेतो, याचं!

शेन दादा गुरगुरला, "ए किटलीवाले, तूच सांग. किटली रिकामी व्हायच्या आत. राखणदार कोण? त्याचं नाव घेतलंस, तर मी दुकान फोडीन."

कियाव म्हणाला, "आणि त्याचं घेतलंस, तर मी!"

"आणि गप्प बसले तर?"

"तर दोघं मिळून!"

आ-चूननं शांतपणे दोघांच्या पेल्यांत पाणी ओतलं. "सांगते की. पण दादा, राखण करायची कशापासून?"

"कशापासून म्हणजे? चोरांपासून! मोडतोडीपासून!"

"मग सोपं आहे. ज्याचा माणूस आज पहिलं भांडं फोडील, तो मोडतोड करणारा. दुसरा राखणदार. कबूल?"

दोघांनी एकमेकांच्या माणसांकडे पाहिलं. दोघांनाही वाटलं, समोरची रानटी पोरं आत्ता काहीतरी फोडतील. "कबूल!"

आणि मग काय सांगावं! कियावच्या पहिलवानानं हाणायला उचललेलं स्टूल हळूच खाली ठेवलं, वर बाहीनं पुसलं. सुरे बाळगणारे गडी दोन्ही हातांत पेले धरून बसले, बाळाला धरावं तसे. तेवढ्यात शेनच्या एका माणसाला शिंक आली. कोपर लागलं, चहाची सुरई कलंडली. शेनची सगळी टोळी तिच्यावर झेपावली! एकाच्या गालावर गरम चहा सांडला, पण बिचारा ओरडलासुद्धा नाही. सुरई शाबूत!

जिन्याखालून शेटजींचा आवाज आला, "फुटलं का गं?"

"नाही शेटजी. आज गिऱ्हाइकं फार सभ्य आहेत!"

किटलीतून शेवटचा थेंब पडला. शेन दादानं टेबलावर मूठ आपटायला उचलली, मग आठवण होऊन मांडीवर ठेवली. "किटली संपली! बोल, राखणदार कोण?"

"दादा, दोन्ही टोळ्या हजर, आणि दुकानात एक पेला फुटला नाही. म्हणजे इथं मोडतोड करणारा कुणी नाही. मग राखण कशाची, आणि हप्ता कसला? का आहे कुणी? असेल तर आपल्यापैकी कोण, ते त्यानंच सांगावं!"

कियाव छताकडे बघू लागला. आणि शेन दादा असा हसला, असा हसला, की पोट धरून बसला. त्यानं तांबडा आणि हिरवा चहा एका वाडग्यात ओतला, घोट घेतला, वाडगा कियावपुढे सरकवला. "पी रे, पी! बाईनं दोघांनाही लुटलं! माग गं, काय बक्षीस देऊ?"

"दारावर पाटी लावा दादा, तुमच्या नावाची. 'इथे भांडणाचा चहा मिळणार नाही.'"

"दिली! पण मग आम्ही भांडायचं कुठं?"

"ठाण्यात जा ना. तिथं चोरही तुमचे आणि फौजदारही तुम्हीच. चहा मी पाठवीन!"

शेन दादाला हसता हसता ठसका लागला. दुसऱ्या दिवशी पाटी लागली, ठोकायला कियावचा पहिलवान आला होता.