पट्टीखालचे नाव

एका संशोधनसंस्थेत एकदा असे घडले. तिथे एक वृद्ध संशोधक होते. सगळे त्यांना सर म्हणत; आपण आचार्य म्हणू. वाढलेला रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कशा खराब करतो आणि त्यातून माणसाची बुद्धी व स्मृती कशी जाते, याचा त्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर आणि रुग्णांवर तीस वर्षे अभ्यास केला होता. डॉक्टरेट मिळाल्यावरही त्यांची एक शिष्या पुढच्या संशोधनासाठी त्यांच्याच हाताखाली राहिली होती. ती हुशार होती, आणि हुशार माणसांना असते तेवढी घाई तिलाही होती.

आचार्यांची एक रीत होती. रुग्णांच्या मेंदूचे एमआरआय तपासायला घेतले की प्रत्येकावरचे नाव कागदाची पट्टी चिकटवून झाकायचे. चित्रातले खराबीचे पांढरे डाग पाहून शून्य, म्हणजे ठीक, ते तीन, म्हणजे सर्वांत वाईट, यांपैकी एक अंक शाईने वहीत लिहायचा आणि मगच पट्टी काढायची. पट्टी निघाल्यावर अंक बदलायचा नाही. नाव कळले की तपासणाऱ्याचा डोळा भिडेस पडतो, असे ते म्हणत.

एका सकाळी त्यांनी चाळीस चित्रांचा गठ्ठा शिष्येपुढे ठेवला आणि स्वतः समोर बसून राहिले. हे नवीनच होते. ती काम करत असताना ते कधी थांबत नसत. सदतिसाव्या चित्राला तिने तीन हा अंक दिला. या माणसाचे पुढे काय होईल, असे आचार्यांनी विचारले.

"पुढे कशाला, सर, सुरू झालंच असेल," चित्रावरून नजर न काढता ती म्हणाली. "कामाचा क्रम चुकत असेल. घरच्यांना वाटत असेल, वय झालं. दोनेक वर्षांत कायम कोणीतरी सोबत लागेल. रक्तदाब वेळेवर आवरला असता तर बरंचसं टळलं असतं. पण असली माणसं ऐकतात कुठे?"

आचार्यांनी मान डोलावली आणि स्वतःच्या हाताने पट्टी काढली. खाली त्यांचेच नाव होते.

आपल्याकडून घाईत चूक झाली असेल, पुन्हा बघते, असे म्हणत शिष्येने वही ओढली आणि तीनचा दोन करायला पेन टेकवले. आचार्यांनी वहीवर हात ठेवला.

"नियम मलाही तोच," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात मी एकाच उंदराचा रक्तदाब दोनदा नोंदवला आणि दुसऱ्याचा राहिलाच. तू ते गुपचूप दुरुस्त केलंस. मला शंका आली, म्हणून हे चित्र काढून घेतलं. नाव सांगून दाखवलं असतं तर तू दोन लिहिलं असतंस. तीस वर्षं मी रोज उंदरांच्या शेपटीला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. माझ्या दंडाला पट्टा बांधायला मला सवड झाली नाही. डॉक्टरांनी गोळी दिली होती. चार महिन्यांत सोडली, कारण दुखत काहीच नव्हतं. या दुखण्यात काही दुखत नाही, हे मीच जगाला सांगत फिरलो. आता गोळी घेतो आहे. झालेलं भरून येणार नाही, फार तर पुढचं लांबेल. पण माझ्या हातून चुकीच्या नोंदी जाता कामा नयेत. उद्या त्यांच्यावरून कोणाचे तरी उपचार ठरतील. मी थांबायला हवं, हे मला स्वतःला कळणार नाही. ते तू सांगायचंस. मी रागावेन, तरी सांगायचंस."

शिष्येने शब्द दिला. त्या वेळी दुसरे काही बोलणे शक्यच नव्हते.

हा आजार बहुधा पायऱ्यांनी उतरतो. काही महिने सारे ठीक चालते, मग माणूस एकदम एक पायरी खाली दिसतो. शिष्या रोज तासभर लवकर येऊन आचार्यांच्या नोंदी तपासू लागली. दोनदा मोठ्या चुका सापडल्या. दोन्ही वेळा ती सांगायला म्हणून त्यांच्या खोलीत गेली आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परतली. आपल्या माणसाची चूक आपणही अशीच झाकतो आणि त्याला माया म्हणतो. तिसऱ्या खेपेला आचार्यांनी ज्या उंदरांना औषध द्यायचे त्यांना ते दिलेच नाही, आणि ज्यांना द्यायचे नव्हते त्यांना दिले. आठ महिन्यांचा प्रयोग वाया गेला.

मग ती गेली, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "सर, आता तुम्ही थांबायला हवं."

आचार्य संतापले. काल आलेल्या पोरींनी आपल्याला शिकवू नये, असे काहीबाही बोलले. शेवटी त्यांनी विचारले, "हे मला सांगायला तुला सांगितलं कोणी?"

"तुम्हीच, सर. दीड वर्षापूर्वी."

त्यांना काही आठवत नव्हते, हे तिला स्पष्ट दिसत होते. तिला फार वाईट वाटले.

"मी सांगितलं असेल तर बरोबरच असेल," ते हळू म्हणाले. "उशीर तर नाही ना केलास?"

नाही म्हणणे अगदी सोपे होते. खरे काय ते त्यांना कधीच कळले नसते.

"केला, सर," ती म्हणाली. "दोनदा टाळलं. त्यात आठ महिन्यांचं काम गेलं."

"मग वहीत तसं लिही," आचार्य म्हणाले, आणि उठून त्यांनी तिला आपली खुर्ची दिली.