सूरगिळ्या काय म्हणाला

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंवर इतकी रागावली, की त्यांच्या घरी गेल्यावर चपला काढायचेही तिला भान राहिले नाही. ती तशीच आतल्या खोलीत शिरली आणि म्हणाली, "गुरुजी, हे काय करून ठेवलंत?"

तिचे नाव सारिका. तालुक्याच्या गावी ती आईसह राहत असे. दिवसा एका छापखान्यात लग्नपत्रिकांची मांडणी करी आणि संध्याकाळी गुरुजींकडे चित्रकथा शिके. गुरुजींनी आयुष्यभर मुलांच्या मासिकांसाठी चित्रकथा काढल्या होत्या. आता हात थरथरत असल्यामुळे ते स्वतः काही काढत नसत, दुसऱ्यांचे काम पाहत. काम आवडले तर ते "बरं" म्हणत आणि आवडले नाही तरी "बरं"च म्हणत. त्यांच्या मनातले ओळखायचे तर शिष्यांना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे लागे.

सारिकाची पहिली मोठी चित्रकथा तयार होत आली होती. मुलांच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी तिच्यासाठी पाने राखून ठेवली होती. कथा अशी, की एका गावात क्लॅरिनेट वाजवणारा एक साधा, सज्जन माणूस असतो. डोंगरातला एक राक्षस येतो आणि त्याचा सूर गिळून टाकतो. म्हणून राक्षसाचे नाव सूरगिळ्या. त्या दिवसापासून तो माणूस मुका होऊन घरात बसतो. त्याची मुलगी, पिपाणी तिचे नाव, डोंगरात जाते, सूरगिळ्याला बदडून काढते आणि बापाचा सूर परत आणते.

पिपाणी फार सुरेख उतरली होती. दोन वेण्या, एक पुढे आणि एक मागे, आणि सदैव धावण्याच्या बेतात असलेले पाय. सूरगिळ्याही भयंकर झाला होता. त्याला झुपकेदार मिशा होत्या, अंगात सोनेरी झालरीचा कोट होता आणि तोंडभर दात होते. प्रत्येक चित्रात तो नुसता हसत असे आणि गिळत असे.

गुरुजींनी सगळी पाने शांतपणे पाहिली होती, "बरं" म्हटले होते आणि पाने दोन दिवस ठेवून घेतली होती. तिसऱ्या दिवशी सारिका कामावर असताना गुरुजींच्या सूनबाई ती पाने छापखान्यात देऊन गेल्या. सारिकाने पाहिले, तर जिथे जिथे सूरगिळ्या होता तिथे तिथे त्याच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाचा एक फुगा कापून चिकटवला होता. चित्रकथेत पात्राचे बोलणे लिहितात तसला फुगा. पण आत अक्षरही नव्हते. खळ लावून पक्का बसवलेला तो कोरा कागद कुठे डोंगरावर आला होता, कुठे आभाळावर, आणि एका ठिकाणी तर पिपाणीच्या वेणीवर.

"हे काय करून ठेवलंत?" तिने पुन्हा विचारले.

"त्याला बोलायला जागा करून दिली," गुरुजी म्हणाले.

"तो कशाला बोलेल? राक्षस आहे तो."

"तोंड तर आहे त्याला. एवढे दात काढलेस, म्हणजे तोंड असणारच."

"आणि काय बोलायचं त्याने?"

"ते मी कसं सांगू? पात्र तुझं आहे."

सारिका घरी आली. रागाच्या भरात तिने पहिल्याच फुग्यात लिहिले, 'जगातले सगळे सूर मी गिळून टाकीन!' लिहून झाल्यावर ती त्या वाक्याकडे पाहत राहिली. असले वाक्य कोणत्याही राक्षसाच्या तोंडी चालले असते. तिने ते खोडले, दुसरे लिहिले, तेही खोडले. पिपाणीचे संवाद तिला एका बैठकीत सुचले होते, पण याच्यापाशी लेखणी अडली. दोन-तीन संध्याकाळी अशाच गेल्यावर ती पुन्हा गुरुजींकडे गेली. या वेळी तिने चपला बाहेर काढल्या.

गुरुजींनी विचारले, "याचा चेहरा कुठून आणलास? मिशा मनाने काढलेल्या दिसत नाहीत."

सारिकाने थोडे आढेवेढे घेतले आणि मग सांगितले. तिचे वडील दौलत गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. आसपासच्या गावांतही त्यांच्या वाजवण्याची वाहवा होती. बँडचा प्रमुख होता हरिबा वस्ताद. एके वर्षी ऐन लगीनसराईत वस्तादाने चार माणसांत सांगितले, की दौलत सूर चुकवतो, त्याला आजपासून बँडमध्ये घ्यायचे नाही. दौलत काही न बोलता घरी आले. त्यांनी वाद्य पेटीत ठेवले आणि वीटभट्टीवर कामाला जाऊ लागले. सारिका तेव्हा शाळेत होती. त्यानंतर तिने वडिलांना वाजवताना कधी ऐकले नाही. काही वर्षांनी ते वारले आणि मायलेकी गाव सोडून इथे आल्या.

"हा वस्ताद आहे अजून?" गुरुजींनी विचारले.

"आहे. तिथेच असतो, गावात."

"मग विचारून ये."

"काय विचारू?"

"तुला जे लिहिता येत नाही ते."

पुढच्या रविवारी सारिका एसटीने गावी गेली. हरिबा वस्ताद ओसरीवर बसला होता. बँड केव्हाच मोडला होता, कारण लग्नाला आता कुणी वाजवणारी माणसे बोलावत नव्हते. वस्तादाच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. मिशा मात्र होत्या, पांढऱ्याफेक.

त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिले. "दौलतची सारी न्हवं का तू?"

"हो."

"बस की."

सारिका उभीच राहिली. वाटेत तिने पुष्कळ जुळवाजुळव केली होती, पण ऐन वेळी तिच्या तोंडून सरळच निघाले. "वस्ताद, माझ्या बाबांना तुम्ही बँडमधून का काढलंत?"

वस्तादाने सुनेला चहा ठेवायला सांगितले. ती आत गेल्यावर खाली पाहत तो बोलू लागला.

"चुकत न्हवता तो. एकदाबी चुकला न्हाई. म्या खोटं सांगितलं."

"का?"

"वरातीत म्होरं मी चालायचो. झालरीचा कोट, हातात काठी. समदा बँड माझ्या काठीवर. पर मान्सं माझ्याकडं बघायचीच न्हाईत. मागं बघायची, दौलतकडं. एकदा तर नवरदेव घोड्यावरनं मागं वळून बघाया लागला, पडता पडता वाचला." वस्ताद क्षणभर हसला आणि लगेच गंभीर झाला. "मला वाटलं, ह्येला काढला म्हंजी मान्सं माझ्याकडं बघतील."

"मग? बघायला लागली?"

"कशाला बघत्यात? ऐकण्याजोगं कायच उरलं न्हाई, तर बघतंय कोण? मीच मग रातंदीस तेच आठवीत बसायचो. तो वाजवायचा तसं घरी तोंडानं वाजवून बघायचो. जमायचं न्हाई."

चहा आला. सारिका नकळत पायरीवर टेकली होती. वस्तादाने क्षमा मागितली नाही आणि तिनेही ती देऊ केली नाही. चहा संपल्यावर तो म्हणाला, "चित्रं काढतीस म्हणं. माझं काढलंस का कधी?"

सारिकाने पिशवीतून सूरगिळ्याचे एक चित्र काढून त्याच्यापुढे धरले. वस्तादाने ते दूर धरून, जवळ धरून पुष्कळ वेळ पाहिले.

"मिशी बराबर हाय," तो म्हणाला. "दात लई झाले."

त्या आठवड्यात सूरगिळ्याचे सगळे फुगे भरले. आता तो कथेत पहिल्यांदा दिसतो तेव्हा झाडाआड उभा राहून म्हणतो, 'सगळे त्याच्याकडेच का बघतात?' मग तो सूर गिळतो. गिळल्यावर तो ऐकू यावा म्हणून स्वतःच्याच पोटाला कान लावायला पाहतो. मान पोचत नाही. तो वाकतो, लोळतो, कोलांटी घेतो, आणि तरी त्याला काही ऐकू येत नाही. हे चित्र काढताना सारिकाला हसू आले आणि मग बराच वेळ ती नुसती बसून राहिली.

गुरुजींनी पाने पाहिली. सूरगिळ्याच्या कोलांटीपाशी ते थांबले आणि त्यांच्या गालावर किंचित सुरकुती पडली. "बरं," ते म्हणाले. सारिकाने ओळखले, की काम झाले. पाने संपादकांकडे पाठवायची एवढेच बाकी राहिले.

वस्तादाशी झालेले बोलणे तिने आईला सांगितले नव्हते. आईला दुःख होईल, असे तिला वाटे. पण पाने पाठवण्याच्या आदल्या दिवशी, आई मेथी निवडत असताना, तिने सगळे सांगून टाकले. आईचा हात थांबला नाही.

"त्यांना माहीत होतं ते," आई म्हणाली.

"कुणाला? बाबांना?"

"मग! आपण चुकतो की नाही, हे वाजवणाऱ्याला कळत नाही होय? वस्तादाच्या पोटात दुखतंय, हे त्यांना आधीच कळलं होतं."

"मग बोलले का नाहीत?"

"मी पण हेच म्हटलं होतं. चांगली भांडले होते. तर म्हणाले, मी चार माणसांत खरं बोललो तर हरिबाकडं काय उरेल? त्याला बायको नाही, पोरगा विचारत नाही, एवढा बँडच आहे. मला तू आहेस, सारी आहे, आणि वाजवायला काय, मला बँड लागत नाही."

"पण त्यांनी पुन्हा कधी वाजवलंच नाही, आई."

आता मात्र आईने मान वर केली. "कोण म्हणतं? भट्टीला सुट्टी असली की ओढ्यापलीकडं जाऊन वाजवायचे. तू शाळेत असायचीस. मी जायची कधी कधी भाकरी घेऊन."

"मला का नाही सांगितलं?"

"तू कसली रागीट! सरळ वस्तादाच्या दारात जाऊन ऐकवलं असतंस, माझे बाबा अजून वाजवतात म्हणून. त्यांना ते नको होतं."

सारिका आत गेली आणि तिने पाने पसरली. सूरगिळ्या आता बोलत होता, चालत होता. पिपाणी धावत होती. आणि क्लॅरिनेट वाजवणारा माणूस सूर गेल्यापासून प्रत्येक चित्रात मान खाली घालून बसला होता. तिथून शेवटच्या पानापर्यंत तिने त्याला त्याच एका जागी, त्याच एका मुद्रेत बसवले होते. त्याच्या वाट्याला 'अरेरे' याशिवाय एकही शब्द आला नव्हता. हा माणूस तिच्या वडिलांसारखा मुळीच नव्हता. आजवर हे तिच्या लक्षातही आले नव्हते.

सकाळी तिने संपादकांना फोन केला आणि पाने वेळेत देता येणार नाहीत असे सांगितले. संपादक नाराज झाले. जागा राखून ठेवता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सारिका "ठीक आहे" म्हणाली. फोन ठेवल्यावर तिचे डोळे भरून आले, कारण त्या अंकाची तिने वर्षभर वाट पाहिली होती.

संध्याकाळी तिने गुरुजींना सगळी हकीकत सांगितली आणि विचारले, "हे तुम्हाला आधीच दिसलं होतं का?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "तुझ्या बाबांचं मला काय ठाऊक असणार? राक्षसाला तोंड आहे आणि बोलणं नाही, एवढंच मला दिसलं. दुसरं मलाही दिसलं नाही." मग एरवी कधी बोलत नसत इतके बोलले. "चित्रकथा रचताना आपण माणसांना कामाला जुंपतो. याने छळायचं, त्याने सोसायचं, हिने सोडवायचं. छळणाऱ्याला आपण नुसता दुष्ट केला, तर कुणीतरी आपला कान धरतो. त्याचीही काही बाजू असेल, असं म्हणतो. पण सोसणाऱ्याला आपण नुसता बिचारा करतो, तेव्हा कुणी हरकत घेत नाही. आपल्याला तर ते प्रेमच वाटतं. वस्तादाने तुझ्या बाबांचं बँडमधलं स्थान काढून घेतलं. त्यांचं बोलणं मात्र तू काढून घेतलं होतंस."

सारिकाने विचारले, "आणि वस्तादांना मी क्षमा करायची का?"

"ते मला विचारू नकोस," गुरुजी म्हणाले. "मी तुला चित्रकथा शिकवतो."

ती चित्रकथा दिवाळीत आली नाही. दुसऱ्या एका मासिकाच्या उन्हाळी अंकात ती छापून आली. तिच्यात पिपाणी डोंगरात जाते, सूरगिळ्याला गाठते आणि दगड उचलते. तेवढ्यात मागून तिचा बाप येतो. तो तिच्या हातातला दगड काढून घेतो, पोटाला कान लावण्यासाठी धडपडणाऱ्या त्या राक्षसाकडे पाहतो आणि म्हणतो, 'राहू दे तो सूर तुझ्याकडे. मी दुसरा काढतो.'

आणि तो तिथेच, डोंगरावर, वाजवू लागतो.

एखाद्याला वाईट ठरवण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. एखाद्याला बिचारा ठरवण्याआधीही त्याचे ऐकून घ्यावे.