मासोळीचा आग्रह

दातांचे डॉक्टर खांबेटे यांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या बाकासमोर, खाऱ्या पाण्याची एक छोटी काचेची टाकी होती. टाकीत प्रवाळाचे खडक होते, पाणी गाळणारा एक जुना फिल्टर होता, आणि तिथे एक केशरी मासोळी राहत असे. तिचं घर म्हणजे एक समुद्रफूल. नावावर जाऊ नका हं मुलांनो! समुद्रफूल हे फूल नव्हे, लांब लांब बोटं झुलवणारा तो एक प्राणीच. दुसरं कोणी जवळ आलं तर ते डंख मारी, मासोळीला मात्र कुशीत झोपवी.

मासोळी भारी प्रेमळ आणि तितकीच हट्टी. डॉक्टरांनी खाणं टाकलं की ती स्वतः खायच्या आधी समुद्रफुलाकडे धावे.

"घे रे राजा, एवढा एकच घास!"

"पोट भरलं गं ताई," समुद्रफूल म्हणे.

"पोट भरलं म्हणे! एवढ्याशानं काय होतंय? माझी शपथ आहे तुला!" आणि ती घास त्याच्या बोटांत कोंबायचीच. समुद्रफूल पडलं भिडस्त. मासोळीची पाठ वळली की ते घास हळूच खालच्या फटीत सोडून देई.

होता होता पाणी गढूळ झालं, काचेवर शेवाळ चढलं आणि समुद्रफुलाची बोटं आखडून गेली. मासोळीचा जीव कासावीस झाला.

"हे सगळं त्या जुन्या फिल्टरमुळे! थकलाय तो," ती ठणकावून म्हणाली. "आणखी एक मोठा फिल्टर हवा."

काच चाटत बसलेली गोगलगाय म्हणाली, "अगं, टाकी केवढीशी, आपण राहणारे केवढेसे! आजवर हाच फिल्टर पुरत होता की."

"तुला काय कळतंय? तू कधी मान वर करून बघतेस तरी का?" मासोळी फणकारली. आणि आजाऱ्याला ताकद यावी म्हणून तिनं त्याला दुप्पट भरवायला सुरुवात केली. आता काय म्हणावं हिला!

डॉक्टरांनाही फिल्टरचाच संशय आला. त्यांनी टाक्या बसवणाऱ्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, "मोठा फिल्टर बसेल, डॉक्टर. पण टाकी लहान आहे, जागा करायला हे समुद्रफूल काढावं लागेल. तसंही ते जगेलसं दिसत नाही."

"बरं," डॉक्टर म्हणाले, "पुढच्या सोमवारी घेऊन या."

मासोळीनं ते ऐकलं मात्र, ती गोगलगाईकडे धावली. "मीच मागितला होता ना गं तो फिल्टर!" असं म्हणत ती गोगलगाईपाशी रड रड रडली.

दुसऱ्या दिवशी एक आजी गालाला हात लावून आल्या. "डॉक्टर, हा दात काढा आणि नवा बसवून टाका एकदाचा!"

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि ते हसून म्हणाले, "आजी, दात धडधाकट आहे. फटीत सुपारीचं खांड अडकून कुजलंय. आधी ते काढू, नव्याचं मग बघू."

मासोळी काचेला तोंड लावून ऐकत होती. फटीत अडकलंय! ती गर्रकन वळली आणि समुद्रफुलाखालच्या फटीत घुसली. बघते तर काय, तिनंच भरवलेल्या घासांचा कुजका ढीग! शी, काय तो वास!

"हे तू खाल्लंच नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं, ताई," समुद्रफूल कसंबसं बोललं.

मासोळी मनातून फार ओशाळली. पण रडत बसायला आता वेळ नव्हता. तिनं शेपटीचे फटकारे मारून फट मोकळी केली. जड घास गोगलगाईनं फस्त केले आणि उडालेला गाळ त्या जुन्या फिल्टरनं ओढून घेतला. त्या दिवसापासून खाणं पडलं की मासोळी आधी विचारी, "हवंय का?" समुद्रफूल "नको" म्हणालं की घास निमूटपणे स्वतःच गिळी. हे तिला किती जड जाई, ते तिचं तिलाच ठाऊक!

सोमवारी तो माणूस मोठं खोकं घेऊन आला. डॉक्टर टाकीपाशी गेले आणि बघतच राहिले. पाणी नितळ, समुद्रफुलाची बोटं मजेत झुलताहेत, आणि मधोमध मासोळी ऐटीत बसलेली!

"घेऊन जा ते खोकं," डॉक्टर म्हणाले. "धडधाकट आहे सगळं. नवं कशाला बसवायचं?"

मग खुशीत येऊन त्यांनी चिमूटभर खाणं टाकलं. मासोळी घास घेऊन सवयीनं धावली. "घे रे राजा, एवढा एक..." आणि मध्येच थांबली.

"आज दे," समुद्रफूल हसून म्हणालं. "आज मला खरंच भूक लागलीये."

तात्पर्य : काही बिघडलं की नवं यंत्र मागण्याआधी आपण त्यात रोज काय टाकतो ते पाहावं, आणि समोरचा "पुरे" म्हणाला की प्रेमाचा घासही हातातच ठेवावा.