चाळीस खडे आणि एक पांढरा

लई जुनी गोष्ट बघा. डोंगर अजून बसायला जागा शोधत होते, तेव्हाची. एक नवा कोरा राजा होता. मिशी नुकतीच फुटलेली, पण पीळ असा की जणू आजोबाच.

त्याच्या राज्यात एक रीत होती. साक्ष द्यायची, तर जिथं उभं राहून पाहिलं तिथला खडा आणायचा आणि दरबारच्या तागडीत टाकायचा. तागडी सांभाळायची ताजूआजी. तिचे डोळे गेलेले, पण बोटांना सगळा मुलूख पाठ.

एकदा दौलतजी घोडेवाल्याला बेड्या घालून दरबारात आणलं. चुन्याच्या खाणीत त्यानं सगुणी नावाच्या बाईवर जबरदस्ती केली होती. अब्रू गेली ती त्याची, हे आधी ध्यानात ठेवा. गावच्या पंचांनी सगुणीला समोर बसवून तीन दिवस ऐकलं, उलटसुलट विचारलं आणि त्याला बारा वर्षांची कैद दिली. आता तो राजाकडं दाद मागत होता. एकट्या बाईच्या शब्दावर शिक्षा कशी, म्हणे.

सगुणीनं आपला बोराएवढा पांढरा खडा पारड्यात ठेवला. दौलतजीकडून चाळीस फेटेवाले आले. आम्ही असलं काही पाहिलं नाही, अशी एकेकानं शपथ घेतली आणि खडा टाकला. दौलतजीचं पारडं धपकन खाली बसलं.

राजाला वाटलं, चाळीस कुठं आणि एक कुठं. त्यानं सुटकेचा शिक्का उचलला. सगुणी त्या शिक्क्याकडंच बघत होती. हा सुटला, की उद्या गावच्या विहिरीवर पुन्हा हाच समोर.

"राजा, शिक्का कुठं पळून जात नाही," ताजूआजी म्हणाली. "मला खडे चाचपू दे."

तिनं बोटं फिरवली. "हा बाजारातला. हा नदीचा. हा कुणाच्या तरी गोठ्यातला, अजून वास मारतोय. खाणीतला एकच आहे, सगुणीचा."

राजानं चाळीस जणांना विचारलं, त्या दिवशी खाणीत कोण होतं? कुणीच नव्हतं. मग पाहिलं काय?

त्यांचा म्होरक्या फेटा सावरत म्हणाला, "तेच तर सांगतोय महाराज. काहीच नाही पाहिलं."

"मग ज्यानं काही पाहिलं नाही, त्यानं आपला खडा उचलावा," राजा म्हणाला.

एकेक खडा उठला. एकेक फेटा खाली झुकला. जड पारडं हलकं होत वर चाललं, आणि तो बोराएवढा खडा दांडी ओढत ओढत खाली आला, पार जमिनीला टेकला. राजा मिशी विसरला आणि सिंहासनावरून उठून उभा राहिला.

तरीही दौलतजी म्हणाला, ती ओरडली नव्हती, दोन दिवस गप्प होती.

सगुणी म्हणाली, "पंचांनीही हेच विचारलं होतं, महाराज. भीतीनं जीभ टाळ्याला चिकटली होती. तेव्हा जे सांगितलं, तेच आज सांगते."

राजानं पंचांचा कागद वाचला. "पंचांनी हिला समोर बसवून पारखलं आणि मगच विश्वास ठेवला. एवढा पुरावा पुरेसा आहे. शिक्षा कायम."

दौलतजी कैदेत परत गेला. चाळीस जणांना ताजूआजीनं बजावलं, खडे जिथले तिथं ठेवून या, गोठ्यातला आधी. सगुणी विहिरीवर गेली आणि सावकाश, दोन घागरी भरून घरी आली.

म्हणून लक्षात ठेवा, खरं सांगणारी एकटी असली तरी पुरते, आणि न पाहिलेल्यांची गर्दी कितीही जमली तरी तिचं वजन काहीच नसतं.