सारखे दोन ढीग

“मग आता राहिलं तरी काय?” मोरेश्वरानं विचारलं.

त्याच्या काखेत वळकटी होती. डोंगरावरच्या त्या पाठशाळेत शास्त्रीबुवा ‘जा’ म्हणेपर्यंत कुणी निघत नसे, आणि त्यांनी न सोडलेल्याला गणित शिकवायला कुठल्याच गावात कुणी उभं करत नसे. स्वारी मात्र निरोप मिळालाच असं धरून, सामान बांधूनच आली होती.

“पुन्हा सांग,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“नऊ चिंचोके घ्यायचे. प्रत्येक ढीग विषम हवा, तर मांडायचे प्रकार आठ. ढीग सम असोत की विषम, पण कुठलेच दोन सारखे नकोत, तरी प्रकार आठच. आणि हे नऊचंच नाही, कुठल्याही संख्येचं. मी बीजगणितानं सिद्ध केलंय.”

“चोख आहे.”

“मग जाऊ?”

“मांडवात आठ मुलगे आले, आठ मुली आल्या. कोणती कोणाला दिली? तुझ्या प्रकारांचीही तशी जोडी लाव.”

मोरेश्वरानं वळकटी दुसऱ्या काखेत घेतली.

“पाठ फिरव.”

त्यानं फिरवली. मागे चिंचोके खळखळले, थांबले, पुन्हा खळखळले.

“बघ आता.”

सहाचा एक ढीग. दोनाचा एक. आणि एक चिंचोका एकटाच.

“आधी सगळे ढीग विषम होते. सारखे दोन दिसले की मी एकत्र करत गेलो. सारखे उरले नाहीत, थांबलो. आधी काय होतं?”

“मी पाहिलं कुठं?”

“मग ढिगांनाच विचार.”

मोरेश्वर चिडला. तरी वळकटी टेकवून खाली बसला. सहाचा ढीग त्यानं उगाच मधोमध तोडला. तीन आणि तीन. तिनाचे काही सारखे दोन होईनात. दोनाचे एकेक झाले...

त्याचा हात थांबला.

“तीन, तीन, एक, एक, एक! गुरुजी, दुसरं काही असूच शकत नाही!”

“नव्हतंच.”

त्याला कोण आनंद झाला. तो नवे ढीग घालू लागला, जोडू लागला, तोडू लागला. दर वेळी ज्याची त्याची जोडी बरोबर सापडत होती. ऊन पायरीवरून खाली उतरलं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“गुरुजी, दोनांऐवजी सारखे तीन ढीग दिसले तरच एकत्र केले तर? मग कोण कोणाच्या वाट्याला येईल?”

शास्त्रीबुवा चिंचोके गोळा करू लागले.

“सांगा ना! मी थांबतो आणखी. वाटलं तर पावसाळाभर...”

“आता जा.”