अर्ध्या तासाची दरी

किनाऱ्यापासून दिवसभराच्या अंतरावर एकदा एक जहाज समुद्राचा तळ मोजत होते. पाण्यात सरळ खाली आणि दोन्ही बाजूंना तिरका ध्वनी सोडायचा, तळावरून परतणारा प्रतिध्वनी ऐकायचा आणि त्याला लागलेल्या वेळावरून खोली काढायची, असे ते काम. जहाजावर एक वृद्ध संशोधक होते आणि परदेशी शिकून नुकतीच परतलेली त्यांची शिष्या होती. तिची ही पहिलीच सफर.

दुपारी पडद्यावर उमटणारा तळ पाहता पाहता ती खुर्चीतून उडालीच. "सर, दरी! जुन्या नकाशात इथं सपाट गाळ दाखवलाय. आणि हे बघा, दोन्हीकडे चढ, मध्ये खोल!"

संध्याकाळी किनाऱ्यावर अहवाल जायचा होता. तिने त्यात दरीचे नावही लिहून टाकले. तिच्या आजोळच्या गावाचे.

वृद्धांनी पडदा पाहिला, हसले आणि सुकाणूवरच्या तोडणकरांना म्हणाले, "जहाज काटकोनात वळवा. आत्ता आलो ती वाट आडवी कापायची."

"अहो सर, अहवालाला तीनच तास उरलेत! पुढची पट्टी मोजायची राहील ना!"

"राहू दे."

जहाज वळले. थोड्या वेळाने पडद्यावर दरी उमटली. पुन्हा बरोबर जहाजाखाली, पुन्हा दोन्हीकडे चढ. मघाशी ती उत्तर-दक्षिण होती. आता पूर्व-पश्चिम झाली होती.

तोडणकर मागे पाहून म्हणाले, "ताई, दरी दोरीनं बांधून आणलीय काय? आपण जाऊ तिथं येतेय!"

सगळे हसले. शिष्येचा चेहरा उतरला.

"सकाळी पाण्याचं माप घेतलंस?" वृद्धांनी विचारले.

पाण्याच्या उष्णतेनुसार आणि खारटपणानुसार ध्वनीचा वेग बदलतो. म्हणून रोज सकाळी जहाज थांबवून एक मापक खोलवर सोडायचा असतो.

"अर्धा तास वाचवला, सर," ती हळूच म्हणाली. "कालचंच माप घातलं. खाडीच्या तोंडाशी घेतलेलं."

"ते माप खोटं नव्हतं. त्या पाण्याचं ते खरंच होतं," वृद्ध म्हणाले. "पण इथलं पाणी वेगळं. तिरका गेलेला ध्वनी इथं निराळा वाकतो, आणि आपण सपाट तळाला काठ चढवून बसतो. दरी समुद्राची असती, तर आपण वळलो तरी जागची हलली नसती. आपल्याबरोबर वळली, म्हणजे ती आपणच आणलेली."

मापक पाण्यात गेला. तो वर येईपर्यंत शिष्या कठड्याशी उभी होती. नव्या मापाने तिने दोन्ही वाटांच्या नोंदींचे गणित पुन्हा मांडले आणि दरी मिटली. वाटा जिथे एकमेकींना छेदत होत्या, तिथे सपाट गाळात एक लहानसा उंचवटा मात्र दिसू लागला. उत्तरेकडून पाहा, पूर्वेकडून पाहा, तो जागचा हलेना.

"केवढा आहे?"

"चार मीटर, सर." तिला हसू फुटले. "माझं आजोळही तसं लहानच आहे!"

अहवाल वेळेत गेला.

दूरच्या पाण्याचे माप घेऊन आलेल्या आपण सर्वांनी, इथली खोली सांगण्याआधी इथले पाणी मोजावे. अर्धाच तास लागतो.