कात्रणाची मागची बाजू

एकदा एका जिल्ह्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवरच्या अभ्यासिकेत, सत्यशीला नावाची एक मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत होती. मुलगी म्हणायचे ते आपले सवयीने. तिला एकोणतिसावे लागले होते. पूर्वपरीक्षेला ती तीनदा बसली, आणि तिसऱ्या वेळी अवघ्या दोन गुणांनी राहिली, तीही चालू घडामोडींच्या प्रश्नांत. चौथा प्रयत्न शेवटचा, हे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

तिचे गाव सावरखेडा त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. एस.टी.ने साडेतीन तासांची वाट. पण दोन वर्षांपूर्वी फाट्यावर बसमध्ये चढताना ती आईला म्हणाली होती, की आता निकाल घेऊनच येईन. आणि बोलून बसली ती बसलीच. दर रविवारी आईचा फोन येई. आई मोजून चार वाक्ये बोले. जेवलीस का, तब्येत बरी आहे का, इकडे सगळे बरे आहे, तू अभ्यास कर. सत्यशीलेचे कान मात्र आईच्या मागच्या आवाजांकडे असत. हातपंपाचा दांडा करकरला की ती ओळखे, संध्याकाळचे पाणी भरणे चालले आहे. फोन ठेवल्यावर तिचा जीव त्या पंपापाशीच घुटमळत राही. घरी जावेसे तिला इतके वाटे, की त्या इच्छेचाच तिला राग येई, आणि ती तावातावाने वही उघडे.

अभ्यासिका सांभाळणारे आप्पा म्हणजे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ. चौतीस वर्षे गावोगावचे पंचनामे करून आलेला माणूस, पण बोलणे जेमतेम. त्यांची एक खोड साऱ्या मुलांच्या थट्टेचा विषय होती. मुलांची कात्रणे कापून झाली, की उरलेला, जागोजाग खिडक्या पडलेला पेपर ते मागून घेत आणि तारीखवार घडी घालून कपाटात ठेवीत. आप्पा आता रद्दीचे दुकान काढणार, असे मुले म्हणत. आप्पा हसत आणि पुढची घडी घालीत.

सत्यशीलेची कात्रणे अभ्यासिकेत नावाजलेली होती. योजना, करार, नेमणुका, पुरस्कार असे सगळे ती नेमके कापून घेई, चार कोपऱ्यांना डिंकाचे बोट लावी आणि विषयवार वहीत चिकटवी. जिल्ह्याचे पान परीक्षेला येत नाही म्हणून ती वाचतच नसे. अशा अकरा वह्या झाल्या होत्या. आणि तरी वाचलेले डोक्यात राहत नव्हते. सकाळी पाठ केलेले दुपारी विरून जाई.

पूर्वपरीक्षा पाच आठवड्यांवर आली तेव्हा तिने धीर करून आप्पांना विचारले, माझी उजळणी घ्याल का? विचाराल ते सांगेन, चुकले तर रागवा. आप्पा म्हणाले, उद्या दुपारी ये. वह्या आणू नकोस.

दुसऱ्या दिवशी ती गेली, तर टेबलावर त्या चाळणी झालेल्या पेपरांचा ढीग. तिच्या मनात आले, म्हातारबुवांचे वय झाले. पाच आठवडे राहिलेत आणि यातून काय विचारणार, असे ती जरा घुश्शातच बोलली. गेल्या ऑगस्टमधले एक पान आप्पांनी तिच्यापुढे सरकवले आणि वाचायला सांगितले.

पान जिल्ह्याचे होते. मधोमध एक छायाचित्र. गढूळ पाण्यात कमरेइतक्या बुडालेल्या सात-आठ बायका दोर ताणून उभ्या होत्या, आणि दोराच्या आधाराने शाळेतली पोरे नदी ओलांडत होती. खाली छापले होते, की सावरखेड्याचा पूल वाहून गेल्यापासून गावातल्या महिला अकरा दिवस रोज अशा उभ्या राहतात. सर्वांत पुढच्या बाईला तोंड नव्हते. तिथे सुबक चौकोनी भोक होते.

दोराचा एक वेढा कोपराभोवती घेऊन धरायची ती तऱ्हा सत्यशीलेने जन्मभर पाहिली होती. विहिरीवर दुसरे कोणी तसा दोर धरत नसे.

"आप्पा, ही माझी आई आहे."

आप्पा हळूच म्हणाले, "काल ढीग चाळताना मला नुसतं गावाचं नाव दिसलं, पोरी. तोंड तर तू नेलं होतंस."

ती उठली आणि आपल्या खणातून 'आपत्ती व्यवस्थापन' असे नाव घातलेली वही घेऊन आली. ऑगस्टचे कात्रण सापडायला वेळ लागला नाही. राजधानीतल्या कुठल्याशा परिषदेची बातमी, तांबड्या शाईने अधोरेखित केलेली. पट्टीच्या कडेने तिने चारही कोपरे सोडवले आणि कात्रण उलटले. मागे आई होती. केस ओले, ओठ घट्ट मिटलेले, नजर पलीकडच्या काठावर. सात महिने ती लेकीच्याच वहीत पालथी पडून होती. सत्यशीलेने तो चौकोन पानाच्या भोकात ठेवला, तो तंतोतंत बसला, आणि मग तिला रडू आवरेना.

आप्पांनी तिला रडू दिले. मग ते बोलले.

"मी चौतीस वर्षं पंचनामे केले. घर पडलं की कागदावर त्याची एक ओळ होते. त्या ओळीमागं कोण उभं आहे, ते मी फार वेळा पाहिलंच नाही. साहेबांना लागे तेवढं कापून दिलं आणि निघून आलो. आता हे उरलेले कागद जपत बसतो. तुला वाचलेलं राहत नाही म्हणतेस. घडलं काय ते तू वाचतेस, कोणावर घडलं ते सोडून देतेस. मग ते राहावं कशाला? आणि उजळणी म्हणजे मागं जाऊन पाहणं. दोन वर्षांत तू कुठं मागं गेलीस?"

सत्यशीला जिन्यात गेली आणि तिने फोन लावला. वार रविवार नव्हता, त्यामुळे आई आधी घाबरली.

"आई, ऑगस्टात पूल वाहून गेला होता?"

मागचा हातपंप करकरत होता, तो थांबला. आई म्हणाली, "तुला कुणी सांगितलं? पेपरात फोटो आला होता म्हणं. आपल्याकडं कुठं येतोय पेपर. अन् तुला सांगून काय करायचं होतं, तुझा अभ्यास मोडला असता." मग भीत भीत तिने विचारले, "ते तुझ्या परीक्षेला येईल का गं?"

सत्यशीला म्हणाली, "मी उद्या येते."

निकाल लागला का, असे आईने विचारले नाही. पूल अजून झालेला नाही, एवढेच तिने सांगितले. पण नदी कोरडी आहे, पायी उतरता येते. "फाट्यावर उतर. मी उभी राहते," ती म्हणाली.

त्या वर्षी परीक्षेत तिचे काय झाले, ते गोष्ट सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. पण ज्याला उद्या माणसांचा कारभार पाहायचा आहे, त्याने एवढे जरूर करावे: कात्री लावण्याआधी पान उलटून पाहावे.